यंत्र कुठे थांबते? – सैद्धांतिक संगणकशास्त्र आणि ते शिकवण्याची साधने

तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे एक विषय असतो – सैद्धांतिक संगणकशास्त्र. विद्यार्थी त्याला 'टीसीएस' म्हणतात आणि बहुतेक जण त्याला भितात. ह्या विषयात संगणक चालवायचा नसतो. संगणकाला काय करता येते आणि काय कधीच करता येणार नाही, ह्याचा विचार करायचा असतो. हा विषय शिकवण्यासाठी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगात काही साधने तयार झाली. ती कोणती, त्यांचा उपयोग कुठे होतो, कुठे होत नाही, आणि पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने ह्यात काय पणाला लागले आहे, हे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे. वाचकांत संगणकशास्त्राचे विद्यार्थी थोडे असतील. म्हणून मुळापासून सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असली तर बरे.

आधी थोडे स्वतःविषयी. घरातला मी पहिला पदवीधर. वडील वीटभट्टीवर काम करीत. हंगामाआधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची, असा तो व्यवहार. किती विटा थापल्या आणि किती उचल फिटली, हे मुकादमाच्या वहीत लिहिलेले असे. वही बरोबर की चूक हे तपासण्याचे साधन वडिलांजवळ नव्हते. त्यामुळे वही म्हणेल ते खरे. मी शिकलो तो मराठी माध्यमात. पदवीच्या वर्गात हा विषय सुरू झाला तेव्हा पहिल्याच तासाला फळ्यावर 'स्टेट' हा शब्द आला. मला दोनच 'स्टेट' माहीत होते. एक बँकेतले, दुसरे एस.टी.तले. फळ्यावर मात्र वर्तुळे होती आणि बाण होते. धीर करून विचारले, "सर, स्टेट म्हणजे नेमके काय?" वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "पुढे कळेल."

पुढे कळले नाही. मी सिद्धता पाठ केल्या, स्वल्पविरामासकट पाठ केल्या, आणि पेपरात उतरवून चांगले गुण मिळवले. विषय कळला तो शिकवायची वेळ आली तेव्हा, आणि पुष्कळसा ह्या साधनांमुळे. म्हणून त्यांच्याविषयी मला आस्था आहे. पण आस्था आहे म्हणून त्यांच्याविषयी काहीही बोलावे असे नाही.

१

समजा, कोणी ० आणि १ हे दोनच अंक वापरून तुम्हांला एक संख्या सांगत आहे. डावीकडून, एकेक अंक. संगणकातली संख्या अशीच असते. तीत नवा अंक आला की आधीची संख्या दुप्पट होते आणि नवा अंक तीत मिळवला जातो. १ म्हणजे एक, १० म्हणजे दोन, ११ म्हणजे तीन, ११० म्हणजे सहा. प्रश्न असा : अंक संपले की त्या संख्येला तीनने पूर्ण भाग जातो की नाही हे सांगायचे. कागद वापरायचा नाही, आणि संख्या हजार अंकी असली तरी उत्तर आले पाहिजे.

हजार अंक कोणाच्याच लक्षात राहणार नाहीत. पण ते लक्षात ठेवण्याची गरजही नाही. आतापर्यंत ऐकलेल्या संख्येला तीनने भागले तर बाकी किती, एवढे लक्षात ठेवले की पुरे. बाकी शून्य, एक किंवा दोन. चौथी शक्यता नाही. बाकी शून्य असताना ० ऐकला तर बाकी शून्यच, १ ऐकला तर एक. बाकी एक असताना ० ऐकला तर दुप्पट होऊन दोन. १ ऐकला तर दोन अधिक एक म्हणजे तीन, म्हणजे बाकी शून्य. बाकी दोन असताना ० ऐकला तर चार, म्हणजे बाकी एक; १ ऐकला तर पाच, म्हणजे पुन्हा दोन. कागदावर तीन वर्तुळे काढा, त्यांत ०, १, २ लिहा आणि हे सहा बाण जोडा. शून्याच्या वर्तुळापासून निघा. शेवटी पुन्हा त्याच वर्तुळात असाल तर भाग जातो. १००१ म्हणजे नऊ घेऊन पाहा : एक, दोन, एक, शून्य. भाग जातो.

'स्टेट' म्हणजे हे वर्तुळ. मी त्याला 'स्थिती' म्हणतो आणि विद्यार्थ्यांना सांगतो की स्थिती म्हणजे पुढच्या कामासाठी लक्षात ठेवावी लागते तेवढी गोष्ट. मोजक्या स्थितींच्या ह्या यंत्राला 'फायनाइट ऑटोमॅटन' म्हणतात. मायकेल रॅबिन आणि डेना स्कॉट ह्यांनी १९५९ साली ह्या यंत्रांविषयी लिहिलेला निबंध ह्या शास्त्राच्या पायाभूत निबंधांपैकी एक आहे. १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना त्याच कामासाठी मिळाला.

हे शिकवायला यंत्र लागत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. टिम बेल, इयन विटन आणि माइक फेलोज ह्या तिघांनी १९९० च्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ तयार केले. 'कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड' ह्या नावाने ते जगभर गेले. त्यातल्या एका खेळात मुले बेटे होतात. प्रत्येक बेटावरून 'अ' आणि 'ब' अशी दोन जहाजे सुटतात, आणि कोणते जहाज कोणत्या बेटावर नेते हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. फिरता फिरता मुले नकाशा तयार करतात. तो नकाशा म्हणजेच वरचे यंत्र. मी ह्याच धर्तीवर व्हरांड्यासमोरच्या फरशीवर खडूने तीन वर्तुळे काढतो. तीन विद्यार्थी वर्तुळांत उभे राहतात, एक जण चालतो, बाकीचे ० नाही तर १ ओरडतात. पहिल्या वर्षी हा खेळ घेतला तेव्हा मागे उभा असलेला, वर्गात कधीच न बोलणारा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, चालणाऱ्याला मागचे काहीच आठवायला लागत नाही. तो कुठे उभा आहे तेवढे पुरे." जे मला पदवी मिळेपर्यंत कळले नव्हते ते त्याला खडूच्या एका कांडीत कळले.

मग त्याने पुढचा प्रश्न विचारला. "चारने भाग जातो का हे बघायचे असेल तर चार वर्तुळे?" मी म्हणालो, "काढून बघू." तो प्रश्न आम्ही प्रयोगशाळेत नेला.

२

प्रयोगशाळेत आमच्याकडे 'जेफ्लॅप' नावाचे साधन आहे. सुसान रॉजर ह्या अमेरिकी प्राध्यापिकेने १९९० च्या सुमारास रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये आपल्या विद्यार्थ्यांकडून अशी साधने लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे त्या ड्यूक विद्यापीठात गेल्या. तिथे ते काम वाढले, जावा भाषेत आणले गेले आणि आजच्या रूपाला पोचले. थॉमस फिनली ह्यांच्यासोबत त्यांनी २००६ साली ह्या साधनावर पुस्तकही लिहिले. वर्षानुवर्षे वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी ह्या साधनाचे तुकडे लिहिले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ते फुकट मिळते, हीही.

साधन साधे आहे. पडद्यावर वर्तुळ काढायचे, बाण ओढायचा, बाणावर अक्षर लिहायचे. मग एखादी अक्षरांची माळ द्यायची. यंत्र एकेक पाऊल चालते, ज्या वर्तुळात असेल ते रंगते, आणि शेवटी माळ स्वीकारली की नाकारली हे सांगते. वीस माळा एकदम देऊन वीस निकालही घेता येतात. दोन यंत्रे एकच काम करतात का, हे विचारता येते. एखादे यंत्र कमीत कमी किती वर्तुळांत बसेल, हेही विचारता येते.

चारच्या प्रश्नासाठी त्या मुलाने चार वर्तुळे काढली – बाकी ०, १, २, ३ – आणि बाण जोडले. यंत्र बरोबर चालले. मग आम्ही कमीत कमी वर्तुळे मागितली. उत्तर आले, तीन. वर्ग गोंधळला. खरे सांगायचे तर मीही गोंधळलो. तीनला तीन लागतात, तर चारलाही तीन कसे पुरतील?

साधनाने उत्तर दिले होते, कारण दिले नव्हते. कारण आम्ही फळ्यावर शोधले. बाकी एक असताना ० आला तर दोन, १ आला तर तीन. बाकी तीन असताना ० आला तर सहा, म्हणजे दोन; १ आला तर सात, म्हणजे तीन. दोन्ही वर्तुळांतून निघणारे बाण एकाच ठिकाणी जातात आणि दोन्हींपैकी एकही स्वीकाराचे वर्तुळ नाही. पुढे काहीही ऐकले तरी ह्या दोघांत फरक पडणार नाही. ज्यांचे पुढचे सगळे सारखे आहे त्यांना वेगळे लक्षात ठेवण्याचे कारण नाही. म्हणून ती दोन वर्तुळे एक झाली. तीनच्या यंत्रात अशी जोडी सापडत नाही. विषयातला एक मोठा सिद्धांत हाच आहे. आम्ही तो आधी ऐकून मग उदाहरण पाहिले नाही; आधी अडखळलो आणि मग त्याच्यापर्यंत पोचलो.

काही गोष्टी तर फळ्यावर होतच नाहीत. 'शेवटून दहावा अंक १ आहे का?' हा प्रश्न घ्या. अंदाज करण्याची मुभा असलेल्या यंत्राला तिथे ११ वर्तुळे पुरतात. ती मुभा काढून घेतली की १०२४ लागतात. शिक्षक हे फळ्यावर काढू शकत नाही, म्हणून फक्त सांगतो आणि विद्यार्थी पाठ करतात. शेवटून दुसरा, तिसरा, चौथा अंक घेऊन विद्यार्थी स्वतः साधनावर हे करू लागला की ४, ८, १६ अशी वाढ त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पाठ करायला मग काही उरत नाही.

३

इथे कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. प्रत्येक महाविद्यालयात साधन बसवा, प्रोजेक्टर लावा, हलती चित्रे दाखवा. मीही सुरुवातीला तेच केले. पडद्यावर मी यंत्र चालवी, वर्तुळे रंगत, मुले पाहत. सगळ्यांना ते आवडले. चाचणीत मात्र पहिले पाढे पंचावन्न.

ह्यावर इतरत्र विचार झालेला आहे. संगणकातील प्रक्रिया चित्रांनी दाखवण्याची धडपड जुनी आहे. टोरांटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर ह्यांनी १९८१ साली संख्यांची क्रमवारी लावण्याच्या रीतींवर अर्ध्या तासाची फिल्म केली होती. पुढची वीस वर्षे अशी साधने भराभर निघाली. २००२ साली हंडहाउसन, डग्लस आणि स्टॅस्को ह्या संशोधकांनी तोवर झालेले २४ प्रयोग एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा : चित्र काय दाखवते ह्यापेक्षा विद्यार्थी त्या चित्राचे काय करतो, ह्यावर शिकणे अधिक अवलंबून असते. त्याच वर्षी टॉम नॅप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या 'काय करतो'चे सहा प्रकार सांगितले. चित्रच नसणे, नुसते पाहणे, प्रश्नांना उत्तर देणे, बदल करून पाहणे, स्वतः रचणे आणि इतरांना समजावून सांगणे.

ह्या सहा प्रकारांकडे पाहताना मला आमचे वर्ग दिसतात. आमचा विद्यार्थी पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातच अडकलेला असतो. एक तर चित्रच नाही, किंवा असले तर पाहायचे. हात लावायचा नाही आणि तोंड उघडायचे नाही. आयआयटीतल्या प्राध्यापकांची ह्या विषयावरची व्याख्याने २००३ साली सुरू झालेल्या एनपीटीईएल ह्या उपक्रमातून फुकट ऐकायला मिळतात. ही मोठी गोष्ट आहे आणि मी स्वतः तिचा ऋणी आहे. परंतु व्याख्यान कितीही चांगले असले तरी तेही पाहणेच. ज्याच्या घरी विषयावर बोलणारे कोणी नाही, ज्याला इंग्रजीत प्रश्न विचारताना घाम फुटतो, त्याला पाहण्यापलीकडे न्यायला दुसरी व्यवस्था लागते.

म्हणून मी पद्धत बदलली. पडद्यावर मी यंत्र चालवत नाही. आधी वहीत प्रत्येकाने अंदाज लिहायचा : ही माळ स्वीकारली जाईल की नाही? मग साधनावर तपासायचे. मग एक बाण मुद्दाम बदलून पाहायचे की काय मोडते. मग स्वतःचे यंत्र रचायचे. शेवटी शेजाऱ्याला, मराठीत, सांगायचे की हे वर्तुळ कशासाठी आहे. 'कशासाठी आहे' हे ज्याला सांगता येत नाही त्याचे यंत्र चालत असले तरी मी ते पुरे झाले असे मानत नाही.

ह्यात साधनाचा खरा गुण कळतो. ते हसत नाही. विद्यार्थी दहादा चुकला तरी ती चूक त्याच्यात आणि पडद्यात राहते. ज्याच्या प्रश्नावर एकदा वर्ग हसलेला आहे त्याला ह्याचे मोल सांगावे लागत नाही.

४

आता एक वेगळा प्रश्न. विद्यार्थ्याचे यंत्र बरोबर आहे हे साधनाला कळते कसे? माळा तर अनंत आहेत. सगळ्या तपासता येणार नाहीत.

ह्याचे उत्तर शास्त्रातच आहे आणि ते सुंदर आहे. समजा शिक्षकाच्या यंत्रात ३ वर्तुळे आहेत, विद्यार्थ्याच्या यंत्रात ४. दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालवली तर 'हे इथे, ते तिथे' अशा जोड्या १२ च्या वर होत नाहीत. दोघांत कुठेही मतभेद असेल तर तो अशाच एखाद्या जोडीवर असणार, आणि त्या जोडीपर्यंत फार तर ११ अक्षरांत पोचता येते. तेवढ्यात मतभेद सापडला नाही तर तो कधीच सापडणार नाही. मोजक्या तपासणीतून अनंताविषयी खात्री मिळते.

ह्याच आधारावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील राजीव अलुर, लॉरिस डी'अँटोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची यंत्रे तपासून गुण देण्याची पद्धत २०१३ साली मांडली. 'ऑटोमाटा ट्यूटर' हे साधन त्यातून वाढले. ते नुसते 'चूक' म्हणत नाही. कधी चुकीच्या निकालाची माळ दाखवते, तर कधी विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाऐवजी शेजारचाच प्रश्न सोडवला आहे का हे ओळखते. 'नेमके दोनदा' असे विचारले होते, आणि उत्तर 'निदान दोनदा'चे आले.

हा शेवटचा प्रकार आमच्याकडे नित्याचा आहे. इंग्रजी प्रश्नातले 'अॅट लीस्ट' आणि 'अॅट मोस्ट' वाचताना आमची मुले हमखास घसरतात. एका मुलीने 'अॅट मोस्ट दोन' ह्याचे यंत्र 'निदान दोन'चे काढले. साधनाच्या दृष्टीने ते चूक होते. मी तिला प्रश्न मराठीत सांगितला – 'जास्तीत जास्त दोन' – आणि तिने तीन मिनिटांत निर्दोष यंत्र काढले. तिचा विचार चुकला नव्हता, शब्द चुकला होता. ह्या दोन चुका वेगळ्या आहेत. त्या एकत्र मोजल्या की आपण भाषेची परीक्षा घेतो आणि तिला बुद्धीची परीक्षा म्हणतो. किती पिढ्यांना असे 'ढ' ठरवले असेल, कोण जाणे.

५

आता साधन थांबते कुठे, तिकडे वळतो.

पहिली जागा. विद्यार्थ्यांना सांगितले, असे यंत्र काढा की जे 'जितके अ, तितकेच ब' असलेल्या माळा स्वीकारील. अब, अअबब, अअअबबब. आधी सगळे अ, मग तितकेच ब. एका गटाने सात वर्तुळांचे यंत्र काढले, वीस माळा तपासल्या, वीसही निकाल बरोबर आले. गट खूष. तपासलेल्या माळांत तीनपेक्षा जास्त अ कुठेच नव्हते. चार अ दिले आणि यंत्र कोसळले. त्यांनी वर्तुळे वाढवली. पाच अ दिले, पुन्हा तेच.

ही वर्तुळे किती वाढवायची? साधन ह्याचे उत्तर देत नाही. उत्तर विचाराने मिळते. समजा कोणी शंभर वर्तुळांचे यंत्र आणले. त्याला एकही अ न देता, एक अ देऊन, दोन देऊन, असे शंभर अ देईपर्यंत ते कुठे उभे राहते ते पाहा. नोंदी झाल्या १०१, वर्तुळे १००. म्हणजे दोन नोंदी एकाच वर्तुळात आल्या. समजा त्या ४० अ आणि ७० अ ह्यांच्या आहेत. यंत्राला आता ४० ऐकले की ७० हे आठवत नाही. पुढे ४० ब दिले तर दोन्हींना ते एकच निकाल देणार, आणि एकाच्या बाबतीत तो निकाल चुकणार. शंभरच्या जागी लाख घाला, युक्तिवाद तसाच राहतो. असे यंत्र नाही. कोणालाच, कधीही, कुठेही ते काढता येणार नाही.

विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर हे उमटताना मी पाहिले आहे. वीस माळा तपासून 'चालते' म्हणणे वेगळे, आणि 'असे असूच शकत नाही' हे दाखवणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला वीज लागत नाही, संगणक लागत नाही, कोणाचा शिक्का लागत नाही. सिद्धता कोणी केली हे विचारावे लागत नाही. पायऱ्या तपासाव्या लागतात, आणि त्या कोणालाही तपासता येतात.

दुसरी जागा. वर्तुळांच्या यंत्रांनंतर अभ्यासक्रमात व्याकरणे येतात, म्हणजे नियमांनी माळा तयार करण्याची पद्धत. दोन व्याकरणे एकाच भाषेची आहेत का, हे प्रत्येक वेळी अचूक ठरवणारी कोणतीही रीत असू शकत नाही, हे सिद्ध झालेले आहे. ह्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. साधन लहान लहान माळा तपासत राहील आणि विद्यार्थ्याचे व्याकरण चुकले असेल तर कधीतरी चूक दाखवील. परंतु ते बरोबर आहे अशी ग्वाही ते दर वेळी देऊ शकणार नाही. तिथे विद्यार्थ्याने स्वतः सिद्धता लिहावी लागते आणि शिक्षकाने ती वाचावी लागते. शिक्षकांची पदे रिकामी ठेवून 'आता सगळे यंत्र तपासील' असे जे म्हणतात, त्यांना हा विषय वाचायला दिला पाहिजे.

तिसरी जागा सर्वांत खोल. १९३६ साली अॅलन ट्युरिंग ह्या तरुण इंग्रज गणितज्ञाने गणन करणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली आणि त्याच निबंधात त्याची मर्यादाही दाखवली. त्या विचाराचे आजचे सोपे रूप असे. समजा, एक सर्वज्ञ तपासनीस-प्रोग्राम आहे. त्याला कोणताही प्रोग्राम आणि त्याला द्यायची माहिती दाखवली की तो सांगतो, 'हा थांबेल' किंवा 'हा कधीच थांबणार नाही'. आता मी एक उलटा प्रोग्राम लिहितो. त्याला कोणताही प्रोग्राम दिला की तो तपासनिसाला विचारतो, 'ह्याला ह्याचीच प्रत दिली तर हा थांबेल का?' उत्तर 'थांबेल' आले तर उलटा अखंड फिरत राहतो. 'थांबणार नाही' आले तर लगेच थांबतो. आता ह्या उलट्याला त्याचीच प्रत द्या. तपासनीस 'थांबेल' म्हणाला तर तो थांबत नाही. 'थांबणार नाही' म्हणाला तर थांबतो. तपासनीस काहीही म्हणाला तरी खोटा ठरतो. म्हणून असा तपासनीस नाही. संगणक कितीही वेगवान झाला तरी तो होणार नाही.

६

आमच्याकडे येणारी बरीच मुले संगणकाकडे भीतीने किंवा भक्तीने पाहतात. मोबाइल सर्वांच्या हातात आहे, स्वतःचा संगणक थोड्यांच्या घरी. अलीकडे प्रश्न टाकला की क्षणात उत्तर लिहून देणारे चॅटजीपीटीसारखे प्रोग्राम आले आहेत. माझे विद्यार्थीही ते वापरतात. ते प्रोग्राम बरोबर उत्तर देतात, आणि तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचेही देतात. मी ते वापरायला बंदी करत नाही. 'जितके अ, तितकेच ब'चे यंत्र आहे असे कोणी सांगितले तर मुलांनी एवढेच करावे : वर्तुळे मोजावीत, त्याहून एकाने जास्त नोंदी घ्याव्यात आणि ते यंत्र कुठे चुकते ती माळ त्याच्यासमोर ठेवावी. सांगणारा माणूस असो की यंत्र.

आपल्या मुलांना 'कौशल्ये' द्या, सिद्धांत त्यांना काय करायचा, असा एक सूर हल्ली ऐकू येतो. तो ऐकला की मला भीती वाटते. बटण दाबायला शिकवायचे आणि बटणामागे काय आहे हे दुसऱ्यांनी ठरवायचे, ही वाटणी आपल्याला नवी नाही. साधने चांगली आहेत, फुकट आहेत, ती प्रत्येक महाविद्यालयात पोचली पाहिजेत. पण ती सिद्धांताच्या जागी नव्हे, सिद्धांतापर्यंत जाण्यासाठी.

ह्यासाठी करता येण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. विषयातल्या पन्नास-साठ शब्दांचे अर्थ साध्या मराठीत लिहून पहिल्याच तासाला वाटावेत. इंग्रजी शब्द काढू नयेत, परीक्षा त्यांतच आहे. पण 'स्टेट'चा अर्थ विचारायला कोणाला धीर करावा लागू नये. संगणक कमी असतील तर दोघांत एक द्यावा. बोलणे आपोआप होते. वीज गेली तर खडू घेऊन बाहेर यावे. साधनावर घालवलेल्या प्रत्येक तासामागे एक तास 'का?' ह्या प्रश्नाला द्यावा. आणि प्रश्नावर हसणे वर्गात पहिल्या दिवसापासून बंद करावे. ह्याला अनुदान लागत नाही.

वडील आता थकले आहेत. मी काय शिकवतो हे त्यांनी एकदा विचारले. मी अंगणात तीन वर्तुळे काढली आणि त्यांना चालायला लावले. दोन-तीनदा फिरल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आकडा केवढाही असू दे, बरोबर का चूक ते आपल्याला कळतंय." मी म्हणालो, "होय." ते बराच वेळ त्या वर्तुळांकडे पाहत राहिले.